काळजी करू नये

सोमवार, २० जुलै २००९

आज कामावर रुजू झाले. राजारामपुरीतला हा लहान मुलांचा दवाखाना, खाली औषधांचं दुकान आणि वर तीन मजले. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला लागून. दारावर 'उपकरण कक्ष' अशी नवी कोरी पाटी आहे. आत टेबल, सोल्डरिंगचं सामान, एक जुना ऑसिलोस्कोप आणि पूर्वेची खिडकी. समोर कुठलातरी क्लास आहे. आठ वाजता पोरं सायकली एकमेकींवर रचून ठेवतात आणि दहा वाजता ओढून काढताना भांडतात. मला जागा आवडली.

यंत्रांची मोजदाद केली. बाळांना ऊब देणारे वॉर्मर आठ, पैकी सहाचे तापमान सेन्सर बरोबर, दोनांचे अर्ध्या अंशाने चुकीचे. व्हेंटिलेटर एक, निळ्या प्रकाशाचे दिवे चार. इन्व्हर्टर चांगला आहे, पण कुणी त्याच्या बॅटरीत वर्षभर पाणी बघितलेलं नाही.

डॉक्टर राजशेखर पन्नाशीचे आहेत, सावकाश बोलतात. त्यांचा एक हट्ट आहे: इथे आया आत असतात. कोपरापर्यंत हात धुवायचे, झगा घालायचा आणि बाळापाशी बसायचं, दिवसभर. दीड किलोची बाळं आयांच्या छातीवर कपड्याच्या आत बांधून ठेवलेली मी आज प्रथमच पाहिली. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे आठ मॉनिटर आहेत, पण पहिली खबर मला मॉनिटर देत नाही, आई देते. मला हे वाक्य जरा सभेतलं वाटलं.

विभागाच्या प्रमुख नुजहत सिस्टर. कमी बोलतात, नीट काम करतात. आमचं जमेल. साफसफाईला बनाबाई. त्यांनी मला खालीवर न्याहाळून सिस्टरना विचारलं, इंजिनेर येणार हुता न्हवं, मग ह्या कोण? मीच, असं कळल्यावर म्हणाल्या, बरं हाय, मग आमच्या घरचा मिक्सर तेवढा बघा की. उद्या आणणार आहेत.

आक्काला फोन केला. इथली नोकरी घेण्याचं खरं कारण तीच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, आक्का सोळाची. तिनंच मला वाढवलं, शिकवलं. आठ वर्षांत तिची तीन बाळंतपणं अर्ध्यावर गेली. आता ही चौथी खेप, पाचवा महिना संपलाय. गडहिंग्लजला असा विभाग नाही. मी इथे असल्यावर गरज पडलीच तर यंत्रं माझ्या हातातली असतील. संगमेश भाऊजीही तेच म्हणाले. आज बरं वाटतंय.


बुधवार, ५ ऑगस्ट

पुण्यात स्वाइन फ्लूनं पहिला मृत्यू झाला. इथेही औषधांच्या दुकानात मास्क संपले. बनाबाईंनी कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी गळ्यात बांधली आहे आणि मलाही एक दिली. मी टेबलाच्या खणात ठेवली.

मिक्सर दुरुस्त केला. ब्रश झिजले होते.


मंगळवार, ११ ऑगस्ट

काल एका बाळाच्या वडिलांना ताप निघाला. आज डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. आजपासून आत फक्त कर्मचारी. आया, आज्या, कुणीही नाही. दूध बाहेरच्या खोलीत काढायचं, वाटीला नावाची पट्टी लावून खिडकीतून द्यायचं. हे सांगताना डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता.

मी एक कल्पना मांडली. प्रत्येक वॉर्मरवर एक कॅमेरा, आणि पॅसेजमध्ये भिंतीवर टीव्ही. आठ बाळं, आठ चौकोन. आया बाकावर बसून दिवसभर बघू शकतील. दाराला विजेचं कुलूप बसवू, आकड्यांचं.  डॉक्टर म्हणाले, करा, निदान तेवढं तरी.

कॅमेरे जवळून लावायचे असल्यानं २.८ मिलिमीटरचं रुंद भिंग घ्यावं लागेल. त्यात चौकोनाच्या मधला भाग जरा फुगीर दिसतो. चालेल.


शनिवार, १५ ऑगस्ट

चार दिवसांत सगळं बसवलं. चित्र स्वच्छ आहे. नोंद माझ्या खोलीतल्या रेकॉर्डरवर पंधरा दिवस राहते. सकाळी झेंडावंदनानंतर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आया टीव्हीखाली दाटीवाटीनं उभ्या होत्या. एकीनं चौकोनावर बोट ठेवून बाळाचा गाल चोळल्यासारखा केला. बनाबाईंना रोज दोनदा काच पुसावी लागणार.


मंगळवार, १८ ऑगस्ट

तीन नंबरला काल नवं बाळ आलं. मुलगा, १४२० ग्रॅम, बत्तिसावा आठवडा. वॉर्मरवरची पट्टी नेहमीसारखी, 'बेबी ऑफ दानेश्वरी'. इथे बारशापर्यंत बाळाला आईचंच नाव असतं.

दानेश्वरी निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातली आहे, बावीस-तेवीसची. नवरा सुरतेला, सोबत सासरे चन्नाप्पा. सकाळी सहाला बाकावर बसते ती उठतच नाही. इतर आया बोलतात, डबा खातात, डुलक्या काढतात. ही तिसऱ्या चौकोनाकडे बघत राहते. दूध काढायला जाते तेव्हा सासऱ्यांना बघत बसायला सांगते.

माझ्या गळ्यातला लिंगाचा दोरा तिनं ओळखला. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलते. मला तंगी म्हणाली, म्हणजे धाकटी बहीण. मी कामापुरतं बोलले. पेशंटच्या नातेवाइकांशी जवळीक ठेवू नये, हा माझा नियम आहे.


शनिवार, २२ ऑगस्ट

आज सकाळी ११.२० ला मी टीव्हीच्या मागची वायर बघत होते. दानेश्वरीनं हाक मारली. म्हणाली, तंगी, त्याचं पोट बघ की. सकाळपास्नं फुगाय लागलंय. काल लंगोटाची गाठ पोटाच्या खाली होती, आज वर चढलीय.

मी तिला भिंगाचं समजावून सांगितलं. डावाच्या पाठीत तोंड बघितलं की नाक मोठं दिसतं ना, तसं हे. चौकोनाच्या मध्ये जे येतं ते फुगतं, आणि बाळाच्या मध्ये पोट असतं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, पण काल पण हेच भिंग होतं न्हवं? मी म्हणाले, बाळ जरा सरकलं असेल. ती म्हणाली, तरी सिस्टरना एकदा सांग. मी हो म्हणाले.

सांगितलं नाही. नुजहत सिस्टर एकट्या होत्या, दोघी परिचारिका तापानं घरी, आठ बाळं. प्रत्येक आईचा प्रत्येक प्रश्न आत नेत बसले तर कॅमेऱ्यांचा उपयोग काय?

त्याऐवजी मी एक सूचना छापून टीव्हीशेजारी लावली. 'कॅमेऱ्याच्या रुंद भिंगामुळे चित्रात बाळाचे पोट प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. काळजी करू नये.' डॉक्टर जाता जाता वाचून गेले. चांगलं केलंत, म्हणाले.

चार वाजता ती विभागाच्या दाराच्या काचेवर हात मारत होती. बनाबाईंनी तिला बाकावर आणून बसवलं आणि माझी सूचना वाचून दाखवली.

६.१० ला तीन नंबरनं हिरवी उलटी केली.


रविवार, २३ ऑगस्ट

बाळ पहाटे गेलं. आतड्याचा संसर्ग. कालपासून दानेश्वरीला खोकला होता, त्यामुळे शेवटीही तिला आत घेतलं नाही. बाळ पांढऱ्या कापडात गुंडाळून दुधाच्या खिडकीतून बाहेर दिलं. चन्नाप्पांनी दोन्ही हात पुढे केले, पण तिनं त्यांना बाजूला सारलं.

गल्लीत गणपती आणायला ताशे वाजत होते.

डॉक्टर नुजहत सिस्टरना म्हणाले, पोट सकाळपासून फुगत असणार. सात-आठ तास आधी दूध थांबवलं असतं तर वाचलं असतं. आई आत असती तर तिनं सकाळीच सांगितलं असतं. सिस्टर रडत होत्या. मी दारात उभी होते. कुणी मला काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

खाली जाताना दानेश्वरी माझ्या खोलीपाशी थांबली. कापडाचं गाठोडं छातीशी, कपड्याच्या आत, जसं इतर आयांना पूर्वी शिकवत तसं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुझं भिंग खरं बोलत होतं, तंगी. खोटं तू बोललीस."


मंगळवार, १ सप्टेंबर

चन्नाप्पा आले होते, कागद न्यायला. दानेश्वरी गावाजवळच्या दवाखान्यात काल वारली. ताप आणि खोकला म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. फ्लूची तपासणी आज आली, तिला फ्लू नव्हताच. बाळंतपणाचा ताप होता, गर्भाशयात संसर्ग. पोट दुखतंय म्हणून सांगत होती. पण फ्लू म्हणून सगळे चार हात लांब उभे राहून बोलायचे. पोटाला हात कुणी लावलाच नाही.

हे सगळं त्यांनी मला का सांगितलं, कळत नाही. जाताना म्हणाले, शेवटपर्यंत ती तंगी, तंगी करत होती. त्यांना वाटलं, धाकट्या बहिणीला बोलावतेय. पण तिला बहीण नाही.


सोमवार, ७ सप्टेंबर

एक तांत्रिक दोष. तीन नंबरचा वॉर्मर रिकामा आहे. तरीही त्याच्या चौकोनात ११.२० पासून कुणीतरी उभं असल्याचं दिसतं. पाठमोरी बाई. झगा नाही, टोपी नाही. मी लगेच आत जाऊन पाहिलं. कुणी नाही.

रेकॉर्डर तपासला. शनिवारी, रविवारी, आज. ११.२० ला येते, ६.१० ला नसते. येताना आणि जाताना दिसत नाही. एका चित्रात नसते, पुढच्यात असते.


मंगळवार, ८ सप्टेंबर

तीन आणि पाचचे कॅमेरे बदलून लावले. दोष कॅमेऱ्यात असता तर पाचवर गेला असता. तो तीनवरच आहे. वायर नवी टाकली. रुंद भिंग काढून ६ मिलिमीटरचं लावलं, ज्यात काहीच फुगत नाही. आता ती जास्त स्पष्ट दिसते. केस सुटे आहेत. पातळ मागून ओलं आहे.

बाकावरच्या आयांनी डॉक्टरांकडे तक्रार केली, आम्हाला आत सोडत न्हाय, मग ती बिनटोपीची बाई कशी उभी असते? डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हणाले, जुनी नोंद नव्या चित्रावर उमटतेय, रेकॉर्डरचा दोष आहे, दुरुस्त करते. त्यांना पटलं. माझं तांत्रिक बोलणं सगळ्यांना पटतं.


शुक्रवार, ११ सप्टेंबर

आज ती पाठमोरी नव्हती. मी वॉर्मर पाचची दुरुस्ती करत होते, आणि ती तीनपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. हे मला नंतर नोंदीत दिसलं. पावणेदोन तास.

त्याच वेळच्या पाच नंबरच्या नोंदीत मी आहे. माझं पोट मोठं दिसतं.

पाच नंबरला अजून रुंद भिंग आहे. म्हणून तसं दिसत असेल.


मंगळवार, १५ सप्टेंबर

सगळी भिंगं बदलली. तरीही टीव्हीवर माझंच पोट, फक्त माझंच. झग्यावरूनसुद्धा कळतं. संध्याकाळी बनाबाई हळूच म्हणाल्या, बाकावरच्या बाया इचारत्यात, इंजिनेरबाईंचं लगीन कवा झालं? मी म्हणाले, झालेलं नाही. त्या म्हणाल्या, तेच मी सांगिटलं, तर हसाय लागल्या. मग माझ्या पोटाकडे बघून त्यांनी लुगड्याचा पदर तोंडाला लावला.

घरी टेपनं मोजलं. ७१ सेंटिमीटर. पूर्वीइतकंच.


गुरुवार, १७ सप्टेंबर

७१. टीव्हीवर आज नुजहत सिस्टरच्या बाजूला उभी होते. कुणीही म्हणेल सहावा महिना.

सूचना काढून टाकायला गेले. हात पुढे केला आणि टीव्हीकडे पाहिलं. ती भिंगाच्या अगदी जवळ आली होती. चौकोनात फक्त तोंड. हसत नव्हती. वाट बघत होती, मी काय करते याची.

काढली नाही. काढली तर का काढली हे सांगावं लागेल.


शनिवार, १९ सप्टेंबर

आक्का. आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा. संगमेश भाऊजी जीपमधून घेऊन आले. शेजारच्या प्रसूतिगृहात दुपारी मुलगी झाली. १३९० ग्रॅम. रडली. आठ वर्षांत पहिल्यांदा आक्काचं बाळ रडलेलं ऐकलं.

सात वॉर्मर भरलेले. रिकामा एकच.

मी डॉक्टरांना म्हणाले, तीन नको. त्यांनी विचारलं, सेन्सर बिघडलाय का? मी म्हणाले, नाही. मग काय?  सांगायला एकच वाक्य होतं आणि ते सांगितलं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. बाळ नुजहत सिस्टरांच्या हातात होतं, निळसर पडत होतं. डॉक्टर म्हणाले, विद्याश्री, बाजूला व्हा.

तीन नंबरला ठेवलं. पट्टी लावली.


सोमवार, २१ सप्टेंबर

आक्का बाकावर. सहाव्या दिवसापर्यंत झोपून राहा म्हटलं, ऐकत नाही. टीव्हीकडे बोट करून म्हणाली, ती बाई कोण गं? किती चांगली आहे. आमच्या बाळापाशीच उभी असते, दिवसभर हलत नाही.

मी म्हणाले, इथली मदतनीस आहे.

मी तासातासाला आत जाते. बाळाचं पोट टेपनं मोजते. २४. २४. २४.५. नुजहत सिस्टरना दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा काही नव्हतं. काल एक्स-रे काढायला लावला, तोही स्वच्छ. आज डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. माया समजते, पण काम करू द्या, म्हणाले. तुमचा चेहरा उतरलाय, खोकताही आहात. चार दिवस आत येऊ नका. माझा कुलपाचा आकडा रद्द केला. मीच बसवलेलं कुलूप. कसं उघडायचं मला माहीत आहे, मेन स्विच पाडला की उघडतं. पण व्हेंटिलेटरवर एक बाळ आहे.

आता मीही बाकावर.


बुधवार, २३ सप्टेंबर

इथून बघणं वेगळं आहे. दिवस संपत नाही. पापणी लवली की वाटतं, तेवढ्यात काही झालं असेल. बाकाच्या लाकडावर एका जागी नखानं कोरलेल्या रेघा आहेत. कुणी कोरल्या, माहीत नाही. आक्का माझ्या मांडीवर हात ठेवून बसते. तिला वाटतं, मी तिच्यासाठी रडते.

ती बाई तीनपाशी. आज तिनं एकदाही बाळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच.


गुरुवार, २४ सप्टेंबर

११.२०. आक्का म्हणाली, विद्या, हिचं पोट फुगलंय का गं? काल असं नव्हतं.

फुगलंय. मला दिसलं. टीव्हीवर दिसलं — पण टीव्हीवर माझंही दिसतं. खरं कुठलं? भिंग सरळ आहे. मीच बदललं.

आक्का काचेवर गेली. आतून एक नवी परिचारिका आली. आक्कानं सांगितलं. तिनं हसून टीव्हीशेजारी बोट केलं. वाचा की वहिनी, लिहिलंय इथं, भिंगामुळं दिसतं. काळजी करू नका.

आक्कानं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. हे तूच लिहिलंयस ना? मग खरं असेल.

बाकावर येऊन बसली. निर्धास्त. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

१२.००. चौकोनात ती बाजूला सरकली आहे. मला बाळ नीट दिसावं म्हणून.

१२.३०. मी काचेवर जाऊन सांगितलं. ती परिचारिका म्हणाली, मॅडम, तुमचं हे चौथ्यांदा. सिस्टर मोठ्या ऑपरेशनच्या बाळापाशी आहेत.

१.०५. लंगोटाची गाठ वर चढली आहे.

मला माहीत आहे काय करायचं. सांगायचं. सगळं. आक्कासमोर. म्हणजे ते ऐकतील. दुसऱ्या कशानं ऐकणार नाहीत.

१.१५. अजून बसले आहे. माझी नोकरी — नाही, नोकरी नाही. आक्का. ती माझ्याकडे पुन्हा कधी —

१.२०. जाते.


शुक्रवार, २५ सप्टेंबर

सांगितलं. सूचना फाडून हातात घेतली आणि काच फुटेपर्यंत दारावर मारलं. डॉक्टर बाहेर आले. पॅसेजमध्ये अकरा माणसं होती. मी म्हणाले, २२ ऑगस्टला ११.२० वाजता दानेश्वरीनं मला हेच सांगितलं होतं, शब्दांसकट हेच, आणि मी आत कळवलं नाही. तुम्ही सिस्टरना बोललात तेव्हा मी दारात होते. मी गप्प बसले. ही सूचना तिचं तोंड बंद करायला लावली. आता आक्का तेच सांगते आहे. बघा.

 डॉक्टर आत धावले.

पोट खरंच फुगलं होतं. दूध थांबवलं. औषधं सुरू केली. वेळेत होतं, म्हणाले. वाचेल.

आज सकाळी डॉक्टरांनी विजेचं कुलूप काढायला लावलं. ताप-खोकला नसलेल्या आया मास्क बांधून आत. आक्का आत गेली. बाळ तिच्या छातीवर बांधलं. मी काचेतून बघत होते. नुजहत सिस्टरांनी माझ्याकडे पाठ केली.

आक्का बाहेर आली तेव्हा मी पुढे झाले. ती म्हणाली, "त्या पोरीचं बाळ गेलं आणि तू मला फोनवर मिक्सरच्या गोष्टी सांगत होतीस." मग म्हणाली, "माझ्या लेकीला हात लावू नकोस, विद्या."

तिसऱ्या चौकोनात आता कुणी नाही. मी दिवसभर बघितलं. ११.२० ला कुणी आलं नाही. सगळं नोंदीत आहे.

संपलं, असं वाटतंय.

संध्याकाळी अंग कसकसतंय.


रविवार, २७ सप्टेंबर

ताप १०२. खोकला. वरच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवलंय. दाराला काच, बाहेर पॅसेज. नमुना नेला, उत्तर यायला चार दिवस. जेवण उंबऱ्यावर ठेवतात. कपडे आणि ही वही बनाबाईंनी आणून दिली. उंबऱ्यावरूनच सरकवली. म्हणाल्या, खावा कायतरी. थांबल्या नाहीत.

पोट जड वाटतं. टेपनं मोजलं. ७३.


सोमवार, २८ सप्टेंबर

दसरा. काचेतून कुणीतरी आपट्याचं पान दाखवलं, आत दिलं नाही.

७६. दुखतं. उजवीकडे खाली. हात लावला की —

डॉक्टर दारात उभे राहिले. चार हात लांब. मी पोटाचं सांगितलं. म्हणाले, खोकून खोकून स्नायू दुखतात. तापात फुगल्यासारखं वाटतं. मी टेप दाखवली. ते म्हणाले, तुम्ही दमला आहात. आवाज मऊ होता. मला बऱ्यापैकी माफ केलेलं दिसतं.

मी म्हणाले, हात लावून बघा. म्हणाले, रिपोर्ट येऊ दे.


मंगळवार, २९

७९. हे खरं आहे. इथे भिंग नाही. कॅमेरा नाही. टेप आहे.

बाहेर बाक आणून ठेवलाय. कुणी ठेवला? ११.२० ला त्यावर —

पातळ ओलं. केस सुटे. बसली आहे. हात रिकामे, मांडीवर.

घंटा वाजवली. नुजहत सिस्टर आल्या. तिच्या शेजारून आल्या, पदराला पदर लागेल इतक्या. काचेतून विचारलं, काय? मी पोट दाखवलं. मास्कवरून डोळे दिसले. तेच डोळे जे तेव्हा रडत होते. म्हणाल्या, सांगते डॉक्टरांना. गेल्या.

कुणी आलं नाही.


बुधवार

८२. हिरवं पडलं तोंडातून. वहीवर थोडं.

घंटेची वायर मीच — ऑगस्टमध्ये तपासली होती — चांगली आहे. वाजते. मला ऐकू येते. कुणी येत नाही.

खाली बाळ रडतंय. आक्काचं असेल. चांगलं रडतंय.

आक्का येऊन गेली का? काचेवर वाफ आहे. कुणीतरी जवळून बघितलं.

४ वाजले. ती उठली.

६ ला दहा मिनिटं कमी. काचेपाशी आहे. सगळं दिसतंय तिला. लंगोटाची गाठ नाही मला, नाडी आहे, नाडी वर चढली आहे — तिला कळतंय, तिला आधी कळतं, सगळ्यांच्या आधी. पॅसेजमधून माणसं जातायत. डॉक्टर गेले. बनाबाई गेल्या. तिनं नुसतं वळून एकदा म्हटलं तर —

ताई, सांग की त्यांना. तंगी म्हणाली होतीस ना मला.

बघते आहे. कुणालाच सांग